आत कोणाला सोडायचं

सरकारी दवाखान्यातल्या मीटिंगला जाऊच नये, असं चांगुणाला वाटत होतं. तिच्या लेकीचे, सुवर्णाचे दिवस भरत आले होते आणि पेठच्या त्या डोंगरात बाळंतपणाला जवळ दुसरा दवाखाना नव्हता.

दोन वर्षांमागं याच दवाखान्यात तिची सून अडली होती. चांगुणा बाहेर, दार आतून लावलेलं. सून "आत्याबाई, या ना" म्हणून ओरडत होती. मग थपडेचा आवाज आला आणि नंतर सगळं शांत झालं. मूल मेलेलं जन्मलं. यावर चांगुणा कुणाशी कधी बोलली नव्हती.

व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. नाशिकहून आलेल्या, एका संस्थेच्या तेजश्रीताई म्हणाल्या, "दवाखान्यात आधी काय सुधारायचं, ते यंदा पेशंटांनी सांगायचं."

"कंपाउंड पाहिजे. गुरं आत येतात," डॉक्टरच आधी बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनेच्या वेळी आत असलेल्या मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. जो बोलेल त्याच्याकडे बघत होत्या. चांगुणाला वाटलं, आपण बोललो तर राग सुवर्णावर निघेल. नाही बोललो तर सुवर्णाही त्याच दारामागं एकटी असेल.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?" तेजश्रीताईंनी विचारलं.

"बाळंतिणीजवळ तिचं माणूस सोडा," चांगुणा म्हणाली.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "का? आत काही होतं का?"

"नाय. एकटीला भ्या वाटतं."

मागून गावातली साळूबाई म्हणाली, "तेच आधी करा. कंपाउंड ऱ्हाऊ द्या." आणखी दोघी-तिघी बोलल्या. डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. "बरं. करून बघू."

घरी सुवर्णा रडली. "आई, मला तिथंच जायचंय ना! कशाला बोललीस?"

मग तिला बाळंतपणाला नाशिकला न्यायचं ठरलं. पण कळा अचानक सुरू झाल्या, जीप घाटात शिरायच्या आतच वाढल्या, आणि ती त्याच दवाखान्याकडे वळवावी लागली.

दारात मोठ्या सिस्टरच होत्या. त्यांनी चांगुणाला ओळखलं. "मीटिंगला तुम्हीच बोललात ना?"

चांगुणानं हात जोडले. "हो. पण पोरीवर राग काढू नका. पाया पडते."

सिस्टर दारातून बाजूला झाल्या. "चपला काढा. आत या."

आत भांडं वाजलं तरी चांगुणा दचकत होती. सिस्टरांचा हात वर गेला की तिचे डोळे मिटायचे. सुवर्णाचा हात तिनं घट्ट धरला होता. सिस्टर खेकसल्या, पण हात उगारला नाही. शेवटी बाळ रडलं. मुलगी होती.

नाळ बांधताना, मान वर न करता सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या सुनेच्या वेळी मी एकटी होते. दोघी एकदम अडल्या होत्या."

माफ करणं चांगुणाला जमलं नाही. ती नातीजवळ सरकून बसली आणि घरी सोडेपर्यंत तिथून उठली नाही.