एकशे बारा वर्षांचा समुद्र

मित्रांनो, मी दिसतो दगडासारखा, पण मी आहे एक जुना प्रवाळ. अरबी समुद्राच्या उथळ, निळ्या पाण्यात माझा जन्म झाला. इवल्याशा जिवांनी पाण्यातला चुना घेऊन मला वर्षाकाठी बोटभर वाढवले. असे एकशे बारा थर बसले. पाणी गरम असले की स्ट्रॉन्शियम नावाचे द्रव्य माझ्यात थोडे कमी उतरे, गार असले की थोडे जास्त.

वडवणीकडच्या एका मेंढपाळाची लेक, समुद्राची अभ्यासक प्रियदर्शनी, समुद्रात उतरली. तिने जिवंत प्रवाळातून मनगटाएवढा जाड दंडगोल काढला आणि भोक बुजवले. तो दंडगोल म्हणजे मी. बीडच्या एका प्रयोगशाळेत माझे उभे दोन भाग झाले. एका भागाचे थराथराने पीठ काढून यंत्रावर स्ट्रॉन्शियम मोजले गेले; त्यावरून त्या त्या वर्षी पाणी किती गरम होते ते कळणार होते.

चार महिन्यांनी तिचा सहकारी सत्यम धावतच आला. “मॅडम, तीस वर्षांत पाणी तीन अंशांनी तापलंय! लई मोठा शोध हाय. आजच छापायला पाठवून द्या.”

“लई मोठा हाय, म्हणूनच भ्या वाटतंय,” ती म्हणाली.

तिने ज्यातल्या स्ट्रॉन्शियमचे प्रमाण आधीच ठाऊक होते असे प्रवाळाचे पीठ यंत्रात घातले. यंत्राने भलताच आकडा दाखवला! मोजता मोजता ते हळूहळू चुकत गेले होते. चार महिन्यांचे काम वाया गेले होते. प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. तरी तिने सगळे आकडे बाद केले आणि पहिल्या थरापासून पुन्हा सुरुवात केली. आता दर पाच मोजण्यांनंतर ते ओळखीचे पीठ मोजायचेच.

काम संपले, त्या दिवशी तिचे वडील शहादेव भेटायला आले. समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

“मग खरं काय निघालं, बाई?”

“पाणी तापलंय ते एका अंशापेक्षा थोडं कमी, आबा. पण पक्कं हाय.” तिने माझ्या एका थरावर बोट ठेवले. “हा तुमच्या जन्माच्या सालचा.”

“माझ्या जलमाला समिंदर कसा व्हता, ते ह्याला ठाव हाय?”

“हाय.”

शहादेवांनी वहाणा काढल्या. मग मला स्पर्श केला.

माझा दुसरा भाग प्रियदर्शनीने मुद्दाम राखून ठेवला आहे. मित्रांनो, मला शोभेसाठी मांडू नका. शंका आली तर पुन्हा मोजा. आणि समुद्रातल्या माझ्या आप्तांना तोडू नका. या वर्षीचा थर त्यांच्या अंगात आत्ता बसतो आहे.