आमच्या ठमीची सगळी माहिती

तीन दिवस आमच्या ठमीचं पोट दुखत होतं. तेही शाळेची बस जाईपर्यंतच. बस गेली की बाईसाहेब ताटभर जेवायच्या. मी गरम पाणी दिलं, डॉक्टरला दाखवलं, शेवटी चांगली रागावले. दहा वर्षांची घोडी, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ!

त्यातच शाळेची चिठ्ठी आली, ‘मुलांची ऑनलाइन सुरक्षितता, पालकांची हजेरी सक्तीची.’ म्हटलं, घ्या! मी पोरीला फोनला हातसुद्धा लावू देत नाही, मला काय शिकवणार हे? पण वर्गशिक्षिकेला भेटून पोटदुखीचं विचारायचं होतं, म्हणून शिवणाचं मशीन बंद करून गेले.

चौथीच्या बाकांवर बसवलं आम्हाला, गुडघे हनुवटीपर्यंत. संगणकाच्या बाई चणीनं एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, “शेजारच्या पालकांना फक्त नाव किंवा दुकान विचारा. पाच मिनिटांत त्यांच्या मुलाबद्दल फोनवर काय सापडतं ते बघा.”

माझ्या शेजारी एक ट्रकड्रायव्हर होते. मी ऐटीत माझ्या टेलरिंगच्या दुकानाचं नाव सांगितलं. मला त्यांच्या मुलाबद्दल काहीच मिळालं नाही, नुसता ट्रकचा फोटो. हात्तिच्या!

“ताई, तुमची मुलगी चौथी ब मध्ये ना?” ते हळूच म्हणाले. “साडेचारला गल्लीच्या कोपऱ्यावर बसमधून उतरते. सहापर्यंत घरात एकटी. झुरळाला घाबरते. मांजर म्हटलं की कुणाच्याही मागे जाते.”

मी ताडकन उठले. गुडघा बाकावर आपटला. “ओ दादा! कोणी सांगितलं हे तुम्हाला?”

सगळा वर्ग वळून बघायला लागला. बिचाऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “तुम्हीच, ताई.”

माझ्या दुकानाचं पेज! गणवेश शिवते मी, मग घालून दाखवायला घरचीच पोर. खाली माझीच बडबड. ‘लेक साडेचारला येते, मी सहापर्यंत दुकानात, केव्हाही या!’ आणि तो जुना फोटो. पुढचे दात पडलेली ठमी, ढगळ स्कर्ट दोन्ही हातांनी सावरत, नि त्यावर मोठ्या अक्षरात ‘वाढत्या अंगाचा गणवेश, तीन वर्षं चिंता नको!’ खाली कुणाच्या तरी दादानं सोमवारी लिहिलं होतं, ‘आमच्या छोटीच्या वर्गात सगळे हिला आता “चिंता नको” म्हणतात.’ पुढे हसण्याची ही रांग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गशिक्षिकेला काय विचारणार, कपाळ! तशीच घरी आले.

“अगं, मला सांगायचं नाही का?”

“तुला काय सांगायचं? तूच टाकलास ना तो फोटो,” ठमी म्हणाली. “मला विचारलं का नाहीस?”

गिऱ्हाइकाला साधं बटण लावायचं तर मी दोनदा विचारते. पोटच्या पोरीला एकदा विचारलं नव्हतं. लाज वाटली हो, खरंच.

आधी बसच्या वेळा, घरच्या वेळा, ती सगळी बडबड पुसून टाकली. मग ठमीला कापड कापायच्या टेबलावर बसवलं आणि एकेक फोटो तिच्यापुढे धरला.

“हा?”

“काढ.”

“बरं, हा?”

“ई! काढ.”

न्यायाधीश परवडले, पण ही नको. काढता काढता शेवटचा राहिला, गॅदरिंगचा. निळा झगा, गळ्यावर माझं आठ दिवसांचं भरतकाम. तो बघून किती बायका दुकानात आल्या होत्या!

“हा तरी राहू दे गं. बघ, किती गोड दिसतेस. चेहरा नीट दिसतही नाही यात. राहू दे हं?”

तिनं फोटो खूप वेळ पाहिला. मला वाटलं, विरघळली.

“आई, तू विचारतेयस का सांगतेयस?”

माझा अंगठा तसाच अधांतरी राहिला. “विचारतेय,” मी म्हटलं.

“मग नको.”

मी तो काढला. तिनं स्वतः बघून खात्री केली, टेबलावरून खाली उडी मारली आणि उद्याचं दप्तर भरायला गेली.