एका टेबलाला दोन पक्ष

आमच्या विस्कॉन्सिनात वृद्धाश्रमातल्या लोकांची मतं घ्यायला दोघं जातात, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. एकट्यावर कुणाचा विश्वास नाही. डेमोक्रॅट मी. माझ्या नशिबी आलेला रिपब्लिकन म्हणजे लाइल. माणूस वाईट नाही, पण गाडीत रेडिओ त्याचाच लागतो.

पहिल्या फेरीला आर्डिथ आजींनी मतपत्रिका ढकलूनच दिली. वय एक्क्याण्णव, आणि आजवर एक निवडणूक चुकवली नव्हती.

“दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा याच्या पक्षाचा, मुलगी तुझ्या. चार वर्षं एका टेबलाला बसली नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की मी दोघांकडे दोनदा गिळते. तुम्ही बरे एका गाडीत बसता?”

“कायदाच आहे, आजी,” लाइल म्हणाला. “नाहीतर हिला गाडीत घेतो कोण?”

आजी हसल्या नाहीत. “मत देताना मुलं शेजारी बसली तर चालतं?”

“चालतं.”

“मग पुढच्या आठवड्यात या.”

आठवडाभर माझ्या डोक्यात तोच भुंगा. एवढ्या चिडलेल्या बाईचं मन एकाएकी कसं फिरलं?

दुसऱ्या फेरीला आजींची दोन्ही मुलं हजर. आजींनी दोघांनाही फोनवर एवढंच सांगितलं होतं की दुसरं येतंय. मुलगी कार्ला मला बाजूला घेऊन म्हणाली, “तो आईवर दबाव आणेल, म्हणून आले.” मुलगा वेंडेल लाइलला तेच सांगत होता. मला हसू आवरेना.

आजींना दिसत नव्हतं म्हणे. वेंडेल नावं वाचू लागला. तो बरोबर वाचतोय ना, हे बघायला कार्ला त्याच्या खांद्यावरून वाकली. मध्येच आजींनी कॉफी मागवली.

“वेंडेल, आईच्या कपात साखर नको,” कार्ला म्हणाली. “डॉक्टरांनी बंद केलीय.”

“कधी?” त्याने थेट बहिणीला विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तू विचारलंस कुठे?”

त्याने साखरेचा चमचा परत ठेवला. मला फार वाईट वाटलं.

तासभर झाला तरी पेन टेकलं नव्हतं. कुणाला मत देणार, या उत्सुकतेने माझा जीव टांगणीला लागला होता.

“आजी, खूण कुणावर?” लाइलने विचारलं.

“कुणावरच नाही.”

“आई!” कार्ला ओरडली. “मग आम्हाला बोलावलंस कशाला?”

आजींनी पेनाला टोपण लावलं.

“लाइल, पुढची निवडणूक कधी रे?”

“एप्रिलात.”

“बरं. तेव्हाही मला वाचून दाखवायला हे दोघं लागतील.”