संपदाचं दुसरं वाद्य

आमच्या शाळेच्या बँडमध्ये एक रिवाज आहे. मूल नववीत गेलं की त्याने फुंकून वाजवायचं दुसरं एक वाद्य शिकायचं. ट्रम्पेटवाल्याने क्लॅरिनेट, फ्लूटवालीने सॅक्सोफोन, ज्याला जे झेपेल ते. कारण साधं आहे. दिल्लीत दिवाळी उलटली की हवा राखाडी होते, मुलं खोकायला लागतात, आणि डिसेंबरातली आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली असताना रोज कुणी ना कुणी घरी झोपून असतं. एकाची जागा दुसऱ्याला भरता यावी, एवढाच त्यामागचा विचार. मुलांना मात्र तो दिवस सणासारखा वाटतो. मी कपाट उघडून वाद्यं टेबलावर मांडतो आणि मुलं लग्नाच्या साड्या निवडाव्यात तशी एकेक उचलून बघतात.

यंदा जुलैत त्या टेबलापाशी संपदा सगळ्यांत शेवटी आली. सोबत तिची आई अरुणा होती.

संपदा आमची पहिली ट्रम्पेट, म्हणजे मुख्य धून वाजवणारी. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, तो उलटला, आणि शेवटी डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागला. वडील इथल्या एका मंत्रालयात, आई पोस्टात, घर रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. उन्हाळाभर ती त्या घरात बसून होती. आता शाळेत येत होती, पण जिना चढताना मध्ये थांबून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायची.

"ट्रम्पेट बंद म्हणालेत डॉक्टर," अरुणा म्हणाली. "हलकं काही असेल तर चालेल. दमली की थांबवायचं. सर, मला वाटतं तुम्ही तिला सिंबल्स द्या, त्या झांजा. बँडमध्येही राहील आणि..."

"आई, सिंबल्स कुणाला देतात माहितेय? ज्याला काहीच येत नाही त्याला. पूर्ण शाळेला माहितेय."

ते खरं होतं.

"मला फुंकायचंय," संपदा म्हणाली. "बस."

तिने आधी फ्लूट उचलली. सगळ्यांना ती सोपी वाटते, कारण ती हलकी असते आणि हळू वाजते. पण फ्लूटमध्ये निम्मा श्वास भोकावरून बाहेरच उडून जातो. दोन स्वर काढून संपदाने टेबलाची कड धरली.

"धाप लागली?" मी विचारलं.

"धाप म्हणजे?"

"साँस फूलना."

"हां. ते होतं."

सॅक्सोफोनचा पट्टा तिने गळ्यात घातला आणि लगेच काढला. वजनाने बरगड्यांपाशी ओढ बसत होती, तिथे टाके घातलेले होते. राहिलं क्लॅरिनेट. मी कपाटातली सगळ्यांत मऊ रीड, तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, शोधून बसवली. तिने डोळे मिटून फुंकर घातली आणि खालचा, जाड, उबदार स्वर निघाला. तो बराच वेळ टिकला. संपदा हसली. ऑपरेशनपासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"हे माझं," ती म्हणाली.

"तिसऱ्या क्लॅरिनेटची जागा आहे," मी म्हटलं. "तिची सुरांची ओळ सोपी आहे, पण पूर्ण धरावी लागेल."

"आणि नाही जमलं तर?" संपदाने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी दहावी, सर. पापा प्रॅक्टिसला येऊच देणार नाहीत. धावणं बंद, खो-खो बंद, पिकनिक बंद. बँडही गेला तर मी शाळेत येऊन काय करायचं? लायब्ररीत बसू?"

अरुणा खिडकीबाहेर बघत राहिली.

क्लॅरिनेट शिकायला संपदाला फार वेळ लागला नाही. स्वरांची समज होतीच, फक्त बोटं नवी होती. शनिवारी मी त्यांच्या क्वार्टरवर जायचो. अरुणा पोहे करायची, वडील जयदीप आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसायचे. ते कधी बाहेर येऊन ऐकत नसत, पण त्या वेळेपुरता टीव्ही अगदी बंदच असल्यासारखा असे.

बँडमध्ये मी तिला इशिताशेजारी बसवलं. इशिताही क्लॅरिनेटवाली, शेजारच्या मुनिरकाची, उंच, आडदांड, तोंडाने फटकळ. एकच ओळ वाजवणाऱ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण स्वर धरून ठेवायचा, मग तो धरेल आणि आपण घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, स्वर कधी थांबलाच नाही. मी हे दोघींना समजावत होतो तेव्हा इशिता म्हणाली, "तू आराम से साँस ले यार, मैं हूँ ना. मेरे फेफड़े भैंस के हैं."

"अक्ल भी," संपदा म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. संपदाची ओळ घट्ट होत गेली. मला वाटलं, जमलं.

मग दिवाळी आली. दुसऱ्या दिवशी समोरची इमारत दिसेना. शाळा बंद झाली, वर्ग मोबाइलवर भरू लागले. बँड मोबाइलवर होत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा स्पर्धा उंबऱ्यावर होती. मैदानातली प्रॅक्टिस बंद, म्हणून आम्ही सभागृहाच्या खिडक्या लावून वाजवायला बसलो.

वाजत असताना मी मुलांच्या मागून फिरतो. समोरून सगळा बँड ऐकू येतो, मागून एकेक मूल. त्या दिवशी क्लॅरिनेटच्या रांगेमागे आलो. संपदाची बोटं बरोबर पडत होती. ओठ बरोबर, खांदे बरोबर, पान उलटायची वेळही बरोबर. आवाज नव्हता. मी थोडा वाकलो. तरीही नव्हता. ती फुंकतच नव्हती. शेजारी इशिताचा चेहरा लालबुंद झाला होता; ती स्वतःचं वाजवत होती आणि संपदाच्या पाळीलाही श्वास न घेता स्वर पुढे रेटत होती. क्लॅरिनेटच्या काळ्या लाकडावर संपदाची नखं निळसर दिसली.

मी पुढे चालत गेलो. प्रॅक्टिस संपली तरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी अरुणाला फोन करायला हात गेला आणि मी तो ठेवून दिला. म्हटलं, स्पर्धा होऊन जाऊ दे. एवढ्या मोठ्या बँडमध्ये एक क्लॅरिनेट मुकं राहिलं तर कुणाला कळणार आहे? पोरगी स्टेजवर बसेल, युनिफॉर्म घालेल, फोटोत येईल.

पण स्पर्धेआधी आमच्याकडे एक दिवस असतो. प्रत्येक मूल उठून आपली ओळ एकटं वाजवतं आणि बाकीचे ऐकतात. त्यात कुणाला सूट नसते. अमोल इतकी वर्षं बेसूर वाजवतोय, पण त्यालाही मी शेवटपर्यंत ऐकतो, कारण शेवटपर्यंत ऐकलं नाही तर मुलाला कळत नाही की आपण कुठे घसरलो.

क्लॅरिनेटची पाळी आली. इशिताने वाजवलं. "छान," मी म्हटलं आणि ट्रम्पेटकडे वळलो. "आर्यन."

आर्यन उठला. संपदाही अर्धी उठली होती. क्लॅरिनेट तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला.

"सर, माझं राहिलं."

"तुझं मी काल ऐकलंय."

"नाही ऐकलंत."

ती मराठीत बोलली होती. बाकीच्या मुलांना शब्द कळले नसतील, पण माना तिच्याकडे वळल्या. आर्यनने ट्रम्पेट खाली घेतला.

संपदा सरळ उभी राहिली आणि वाजवायला लागली. पहिला स्वर आला, तोच, जुलैतला. दुसरा बारीक होता. तिसऱ्याला नुसती हवा आली. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा तिथूनच धरलं, पुन्हा हवा. इशिताने हळूच आपलं क्लॅरिनेट ओठांना लावलं. संपदाने तिच्याकडे न बघता ते हाताने खाली दाबलं. मग तिला खोकला आला. तो थांबायला फार वेळ लागला.

ती बाहेर गेली. मुलांना बसायला सांगून मी मागोमाग गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर ती क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करत होती. प्रत्येकातून फडकं ओढून आतला ओलावा पुसत होती, मी शिकवलं होतं तसं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शाळा उघडली तेव्हापासून."

"मला सांगायचंस ना बाळा."

"सांगितलं असतं तर काढलं असतंत." तिने रीड डबीत ठेवली. "मला वाटलं, हवा साफ झाली की फुंकायची ताकद परत येईल. सगळ्यांची येते."

"तुझीही..."

"सर, प्लीज." तिने पहिल्यांदाच माझं बोलणं मध्येच तोडलं. "तुम्ही कुणालाच गाळत नाही. अमोललाही नाही. आज मला गाळलंत. तेव्हा कळलं. डॉक्टर इतक्या वेळा बोलले, तेव्हा नव्हतं कळलं."

मी तिच्याशेजारी बसलो. कितीतरी मुलांना मी शिकवलं आहे की चुकलं तर पुन्हा करायचं, हळू करायचं, रोज करायचं. हे त्यातलं नव्हतं.

तिने पेटी बंद करून माझ्या मांडीवर ठेवली.

"तिसऱ्या क्लॅरिनेटवर कुणाला बसवाल?"

"अजून ठरवलं नाही."

"लवकर ठरवा. इशिता दोघींचं वाजवते. प्रॅक्टिस झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसते, चक्कर येते तिला. ती तुम्हाला सांगणार नाही."

अरुणा फाटकापाशी उभी होती, रोजच्यासारखी सुट्टीआधीच आलेली. संपदाने खिशातून मास्क काढून लावला आणि मैदानाच्या कडेकडेने चालू लागली. मध्ये एकदा थांबली. या वेळी तिने नाडी बांधल्यासारखं केलं नाही. नुसती उभी राहिली, आणि धाप ओसरल्यावर पुढे गेली. आईने काहीतरी विचारलं. संपदाने मान हलवली. अरुणाने मान वर करून इकडे व्हरांड्याकडे पाहिलं, पण धुरक्यात तिला मी दिसलो असेन असं वाटत नाही.

मी सभागृहात परत गेलो. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. इशिता रडत होती आणि रडत नसल्यासारखं दाखवत होती. मी तिला घरी पाठवलं, संपदाची खुर्ची उचलून भिंतीला लावली, आणि आर्यनला त्याची ओळ वाजवायला सांगितलं.