माशाखाली गेलेला नवरदेव

माझी धाकटी बहीण राऊधा माउसने चित्रं इकडून तिकडे ओढते आणि वेबपेज तयार होतं. मी एकेक ओळ हाताने लिहिते आणि बहुतेक वेळा काहीच तयार होत नाही. आमच्या स्फाक्स शहरातल्या सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक आहे, कारण राऊधा ते जेवताना सांगते.

"विदाद, ते बटण निळं करायला तुला किती वेळ लागला गं?"

"झालं ना निळं?"

"झालं की. पण दुपारचं कुसकुस आम्हाला रात्री मिळालं."

राऊधा जाहिरातीच्या ऑफिसात आहे. मी चाळिशी ओलांडल्यावर सांस्कृतिक केंद्रातल्या वर्गाला जायला लागले. आमचे शिक्षक हातेम पानं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला हात लावू देत नाहीत. रंग, अंतर, जागा, सगळं आधी शब्दांत सांगता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मला तो हट्ट आवडतो. आपण एक शब्द लिहावा आणि अख्ख्या पानाने कूस बदलावी, हे पाहून मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळ्या पिटते. घरात मात्र हे कोणाला सांगायची सोय नाही.

म्हणून भावाची मुलगी इनेस लग्न ठरल्यावर "अम्मती, पत्रिकेचं पान तूच कर" म्हणाली, तेव्हा मी हवेत तरंगायचीच बाकी होते. हिवाळाभर घरच्यांच्या टवाळीत शिकलेलं निदान एकदा तरी चारचौघांत उघडलं जाणार होतं. निम्मे पाहुणे मार्सेयचे, फ्रेंच वाचणारे. उरलेले इथले, अरबी वाचणारे. पान दोन्ही भाषांत हवं होतं, आणि भाषा बदलायला वर एक बटण.

मी पान केलं. दोन्ही भाषांत बिनचूक चाललं. इनेसने ते वरखाली सरकवून पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाकी काही नाही.

राऊधाने मान वाकडी करून विचारलं, "कोण गेलं?"

मग एका दुपारी बसून तिने स्वतःचं पान केलं. कडेने मोगऱ्याची वेल, सोनेरी अक्षरं, आणि नवरदेवाच्या नावाशेजारी चंदेरी मासा. नजर लागू नये म्हणून नवरानवरीने माशावरून उड्या मारल्याशिवाय आमच्याकडे लग्न पार पडलं असं कोणी मानत नाही, त्यामुळे मासा हवाच होता. माझ्याच डोक्यात तो आला नव्हता. पान सुंदर होतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. इनेसने अर्थातच ते निवडलं. मी "छान आहे" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळा राग मिरच्या वाटण्यात काढला. त्या दिवशीच्या हरिसा चटणीला कोणी दुसऱ्यांदा हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी नवऱ्यामुलाच्या आई दलिला, आमच्या आदराच्या भाषेत लल्ला दलिला, आपल्या बहिणीला घेऊन पान पाहायला आल्या. त्यांनी पसंत केलं की लगेच सगळ्यांना पाठवायचं ठरलं होतं. मार्सेयच्या मंडळींची बोटीची तिकिटं त्यासाठी अडली होती. खजूर भरलेल्या मकरूदच्या वड्यांची ताटली मधे सरकवून इनेसने फोन त्यांच्या हातात दिला. फ्रेंच पान उघडलं. वेल, मासा, सोनेरी नावं. सगळ्यांनी "मबरूक, मबरूक" करत अभिनंदन केलं. मग लल्ला दलिलांनी चष्मा लावला आणि अरबीचं बटण दाबलं.

"माझा नादिर कुठाय?"

"इथेच आहे की, लल्ला," राऊधा म्हणाली.

"इनेस आहे. इनेसचा बाप आहे. हॉलचा पत्ता आहे. माझा मुलगा कुठाय?"

त्यांच्या बहिणीने फोन नाकाशी धरला. "अगं, आहे. माशाखाली आहे."

"गिळला?"

अरबी उजवीकडून सुरू होते, त्यामुळे नादिरचं नाव शहाण्यासारखं उजवीकडे गेलं होतं. मासा मात्र राऊधाने ठेवला तिथेच बसून होता, आणि नाव नेमकं त्याच्या पोटाखाली सापडलं होतं. राऊधाने लॅपटॉप ओढून मासा डावीकडे सारला. अरबीतला नादिर सुटला आणि फ्रेंचमधला अडकला. तिने मासा पुन्हा उजवीकडे आणला. बिचारा एका भाषेतून निसटला की दुसरीत सापडायचा.

लल्ला दलिला उठून उभ्या राहिल्या. "राहू दे गं बिन्ती, माझ्या पोरी. कागदावर छापा. असलं अपशकुनी पान मी माझ्या माणसांना पाठवू देणार नाही."

खरं सांगते, तोवर मला मनातून गुदगुल्या होत होत्या. पण इनेसचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि माझं हसू पार मेलं.

"सरक," मी राऊधाला म्हटलं.

"काय करणारेस?"

"तुझ्या सॉफ्टवेअरने 'डावीकडून इतकं अंतर' असं ठोकून लिहून ठेवलंय. त्याला डावंउजवं सांगायचंच नाही. ओळ संपते त्या बाजूला राहा, असं सांगायचं. मग भाषा वळली की मासाही वळतो."

"असं सांगता येतं?"

"हाताने लिहिलं तर येतं."

हे वाक्य बोलून मला फार बरं वाटलं. मी तिने ठेवलेला मासा काढून टाकला, नव्याने अक्षरांच्या मागे घातला, लहान केला, जागा सांगितली. लल्ला दलिला माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्यांच्या अत्तराने आणि स्वतःच्या ऐटीने माझं डोकं जड झालं होतं. मी पान पुन्हा उघडलं.

एक मासा नव्हता. पानभर मासेच मासे होते. नावांमागे, तारखेमागे, हॉलच्या पत्त्यामागे, बारीक चंदेरी माशांच्या रांगा. मागे घातलेलं चित्र "एकदाच" असं सांगितलं नाही तर ते पान भरेपर्यंत उमटत राहतं. तो एक शब्द माझ्याकडून राहिला होता. पुसायला मी हात उचलला, तो लल्ला दलिलांनी मनगटाशी धरला.

"थांब!"

त्यांनी बटण दाबलं. अरबी. नादिर जागेवर. पुन्हा दाबलं. फ्रेंच. नादिर जागेवर, आणि चहूबाजूंनी मासे.

"या रब्बी," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या माशांतून कोणाची नजर लागायची माझ्या पोराला? हे तुला सुचलं?"

मी राऊधाकडे पाहिलं. ती पानाकडे पाहत होती, आणि तिला सगळं कळलं होतं. असली चूक तिला दारातून दिसते. वर्षभर जेवताना पुरेल इतका मसाला तिच्या हाती लागला होता.

"सुचलं म्हणजे काय, लल्ला!" राऊधा म्हणाली. "आमची विदाद हिवाळाभर त्याचसाठी खपत होती. माझ्या सॉफ्टवेअरला जन्मात जमलं नसतं."

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी असं हसू फुटलं की मला टेबल धरावं लागलं. राऊधाही माझ्या अंगावर कोसळून हसायला लागली. मला ते श्रेय पचेना.

"चूक झालीय, लल्ला!" मी कशीबशी म्हणाले. "एक शब्द लिहायचा राहिला!"

लल्ला दलिलांनी इनेसच्या हातात फोन दिला, पाठवायची खूण केली आणि माझ्याकडे वळून मकरूदचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

"मग माझ्या धाकट्याच्या लग्नातही तो लिहू नकोस," त्या म्हणाल्या.