घरी काही लावलंत का

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि बत्तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारत आलेय: घरी काही लावलंत का? समोरचं माणूस हमखास म्हणतं, छे, काहीच नाही. आणि कोटाच्या बाहीवर लिंबाचा पांढरट गोल मला ढळढळीत दिसत असतो. मग मी अशी खरडपट्टी काढते की पुढच्या वेळी बाई नवऱ्याला पाठवते. 'डाग लागला की हात बांधून बसा आणि इकडे आणा', अशी पाटीच लावलीय मी काउंटरवर. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हिला एवढी साधी अक्कल नव्हती? होती. म्हणून तर तोंड लपवायला जागा उरली नाही.

दादा माझा थोरला भाऊ. मागच्याच गल्लीत एकटा राहतो. शाळेत भूगोल शिकवायचा आणि चाळीस वर्षं नाणी जमवतोय. गेल्या वर्षीपासून त्याला विसरायला होतं. गॅस, चष्मा, एकदा तर स्वतःचा मजला. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, डोकं चालतं ठेवा. तेव्हापासून रोज सकाळी तो कपाट उघडतो, एकेक नाणं कडेने धरून बाहेर काढतो आणि वही न बघता सांगतो: साल कोणतं, कुणाकडून मिळालं, त्याचं काय काय झालं. मी गेले की ट्रे धरायचं काम माझं. "चिऊ, ही दोनशे अकरा आठवतात तोवर मी शाबूत आहे," म्हणतो. साठीच्या बाईला चिऊ म्हणणारा जगात तेवढा एकच राहिलाय.

त्यातलं चांदीचं एक नाणं त्याने पहिल्या पगारातून घेतलेलं. सगळ्यांत लाडकं, म्हणून नेहमी शेवटी काढायचा. त्यावर राजाच्या कानामागे हिरवा ठिपका आला आणि पसरायला लागला. दादाने नाणी जतन करणाऱ्या एका बाईचा पत्ता शोधला. ती संग्रहालयाची कामं करते म्हणे. नाणं डबीत घातलं, तिच्या फीचं पाकीट दिलं आणि मला म्हणाला, "माझे हात कापतात. तूच नेऊन दे. डाग कळणारं माणूस घरात दुसरं कोण आहे?"

त्याच वाक्याने घात केला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी पाकिटात डोकावले. तेवढ्या पैशांत मी सहा सूट धुऊन, इस्त्री करून, हँगरवर टांगून देते. हा तर मुगाएवढा ठिपका. त्याचं कसलं एवढं कौतुक? टूथपेस्ट घेतली, चिमूटभर खाण्याचा सोडा घेतला आणि कॉलरचा ब्रश. दहा मिनिटं लागली. ठिपका गेला, वरची काळपट झाकही गेली, आणि नाणं नव्या नळासारखं चकाकायला लागलं. मी खुशीत होते. दादा हरखून जाईल, पैसेही वाचले, असं स्वतःशी बोलतसुद्धा होते.

मग सवयीने ते नाणं डाग तपासायच्या दिव्याखाली धरलं. नाणंभर बारीक ओरखडे होते. राजाचे केस सपाट झाले होते. गाल तर भांडं घासल्यासारखा दिसत होता.

तेव्हाच दादाकडे जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले त्या बाईकडे. वाटलं, ती काहीतरी करेल, कुणाला पत्ता लागणार नाही. स्वच्छ लहानशी खोली, भिंग लावलेला दिवा, कापूस, बाटल्या. पॉलिशचा डबा कुठेच नाही. तिने नाणं भिंगाखाली ठेवलं आणि वर न बघता विचारलं, "घरी काही लावलंत का?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"छे, काहीच नाही," मी म्हणाले. थेट माझ्या गिऱ्हाइकांच्याच सुरात.

"अक्षरांच्या खाचांत पांढरं काहीतरी आहे."

"आधीपासून असेल."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. मग ती म्हणाली, "मी नाणी घासत नाही. तो ठिपका तेवढा अलगद काढला असता. काळी झाक तशीच ठेवली असती, ती नाण्याची कातडी असते. आता हे ओरखडे बुजत नाहीत." एवढं सांगून तिने ते शुद्ध पाण्यात धुतलं, कापसाने टिपलं आणि नाण्यासोबत एक कागद लिहून दिला. मी तो न वाचता दादाला नेऊन दिला. उद्या सांगू, असं ठरवलं होतं.

दादाने चष्मा शोधला, कागद वाचला, मग नाणं खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून बघितलं. कागदावर लिहिलं होतं, 'नुकतंच घरगुती साधनांनी घासलेलं.' तो हळूच खुर्चीत बसला.

"नुकतंच म्हणजे मीच," तो म्हणाला. "चिऊ, मी हे केलं आणि मला काहीएक आठवत नाही."

त्या क्षणी तरी तोंड उघडायचं. मी काय म्हणाले माहितीये? "चहा टाकू का?"

चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. दुकानात कामाचा डोंगर आहे म्हणून फोनवर सांगितलं. कामाचा डोंगर कसला, त्या चार दिवसांत मी एकाही गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारू शकले नाही. डाग बघायचे आणि मुकाट पावती फाडायचे. लाज वाटते म्हणजे काय ते मला या वयात कळलं. आरशात केस विंचरताना आपण आपलीच नजर चुकवतो.

पाचव्या दिवशी गेले. नाण्यांच्या कपाटावर कागद चिकटवलेला होता, दादाच्या कापऱ्या अक्षरात: 'हात लावायचा नाही.' घरात तो एकटा. म्हणजे तो कागद कुणासाठी होता ते सांगायला नको. त्याने रोजची उजळणी बंद केली होती. डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं की एकट्याने राहणं आता बरं का. माझ्या हातात त्याने कपाटाची किल्ली ठेवली. "तुझ्याकडे असू दे. मी उद्या आणखी काहीतरी घासून ठेवीन. तुझ्या हातात सुरक्षित राहतील."

"दादा, ते मी घासलं."

तो हसला. "तू? काउंटरवर पाटी लावणारी तू?"

"हो, मीच. टूथपेस्टने."

"पुरे गं. लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हाही तू असंच माझ्यासाठी अंगावर घेतलं होतंस. मी अजून तेवढा विसरलो नाही."

ती काचही खरं तर मीच फोडली होती. पन्नास वर्षं हा माणूस मला त्याचं श्रेय देत आला होता. मग मी फोन काढला, त्या बाईचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले. "घरी लावलं होतं. मीच लावलं होतं. माझा भाऊ इथेच ऐकतोय."

ती जराही चकित झाली नाही. "काय लावलं होतंत?"

"टूथपेस्ट. खाण्याचा सोडा. कॉलरचा ब्रश."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. थोडी जास्तच."

"पेस्टचा वास येत होता, म्हणूनच विचारलं होतं," ती म्हणाली. "कागद बदलून देते. घासणाऱ्याचं नाव काय घालू?"

"मालकाची बहीण, असं घाला."

दादा फोनकडे बघत होता. "म्हणजे मी नव्हतो," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मी नव्हतो." त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर किती बरं झालं असतं. त्याने फक्त हात पुढे केला, आणि मी त्याच्या तळव्यावर किल्ली ठेवली.

त्याने कपाटावरचा कागद ओढून काढला, चुरगाळला, कुलूप उघडलं. मी सवयीने ट्रे धरायला पुढे झाले.

"तू जरा बाहेर बस, चिऊ," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचाच होता.

मी दाराबाहेर चपलांपाशी बसले. आतून त्याची उजळणी ऐकू येत होती. साल, माणूस, हकीकत, एकाही ठिकाणी न अडखळता. दोन तास तरी चाललं असेल. मग शेवटी डबी उघडल्याचा आवाज आला.

"पहिल्या पगारातून घेतलं," तो म्हणाला. "चिऊने घासलं."