शंभरावा पक्षी आणि दुसरी सही

९४. तुतवार. चिखलात, शेपटी नाचवत.
पाहणारा: सही.
दुसरा पाहणारा:

९५. पाणकावळा. खांबावर, पंख वाळत घालून.
पाहणारा: सही.
दुसरा पाहणारा:

थेट ९९पर्यंत हीच गत. वरच्या ओळीत टपोरी सही, खालची ओळ कोरी करकरीत. ती पाहिली की वहीचे मालक डबलचेक पेनाचं टोपण काढायचे आणि पुन्हा लावायचे.

हे नाव त्यांना रक्तपेढीने दिलेलं. तिथे ते छत्तीस वर्षं तंत्रज्ञ होते. पिशवीवरचा गट आणि नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने डोळ्यांनी पाहायचा, दोघांनी सही करायची. त्याशिवाय पिशवी दाराबाहेर जात नसे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दुर्बीण दिली आणि म्हणाले, "शंभर पक्षी झाले की कळवा." डबलचेकनी ते मनावर घेतलं. पंधरा दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेऊन ते बायकोसह किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले. कधी चाकांवर, कधी पायी. नियम मात्र रक्तपेढीचाच: दोघांनी पाहिला तरच पक्षी.

दुसरी सही बायकोची. बायको चार दिवस बोलत नव्हती, आणि गाडी उद्या दुपारी बाराला परत द्यायची होती.

(आता थोडं मागे जाऊ. चौदा किलोमीटर.)

सोमवारी कड्यावरून चालताना बायकोला समुद्री गरुड दिसला. पायात मासा धरून डोक्यावरून गेला. डबलचेक तेव्हा बुटाची नाडी बांधत होते.

"मी पाहिला नाही, तेव्हा नोंद नाही," ते म्हणाले.

"अहो, दाराएवढे पंख होते."

"असतील. पण नाडी सुटली होती."

मंगळवारी सकाळी, गरुड पुन्हा दिसतो का ते बघायला बायको गाडीतून उतरली. डबलचेकना वाटलं, मागे पडद्याआड झोपली आहे. त्यांनी गाडी काढली आणि वाटभर त्या पडद्याला नियम समजावून सांगितला. पडद्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपलं म्हणणं पटलं म्हणून ते शीळ घालू लागले. चौदाव्या किलोमीटरला गाडी थांबवून त्यांनी पडदा सारला. मागे उशी होती.

परत गेले तेव्हा बायको घरातल्या सपाता घालून एका दगडावर बसलेली.

"एकतीस वर्षं बस स्थानकावर घोषणा केल्या मी," ती म्हणाली. "रिकामी बससुद्धा न सांगता सोडली नाही."

त्यानंतर माईक बंद.

शुक्रवार, दुपार. फोन स्पीकरवर. पलीकडे मुलगी, ऑफिसात.

"बाबांना सांग, गॅस बारीक करा."

"बाबा कुठे आहेत, आई?"

"दीड हातावर."

"मग तूच सांग ना."

"मी बोलत नाही त्यांच्याशी."

"तिला म्हणावं," डबलचेक म्हणाले, "सहा सह्या राहिल्यात."

"आई, सहा सह्या..."

"ऐकलं. आधी गरुड, म्हणावं."

"बाबा, आधी गरुड."

"गरुड मी पाहिलेला नाही."

"मला मीटिंग आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही एकमेकांना पत्रं लिहा."

संध्याकाळी डबलचेक गाडीखाली उताणे पडून सांडपाण्याच्या नळीशी झटत होते. बायको वर खिडकीपाशी कप विसळत होती. एकाएकी वरून हळू आवाज आला.

"हलू नका."

चार दिवसांतले पहिले दोन शब्द. डबलचेक हलले नाहीत.

"तुमच्या डाव्या चाकापाशी पक्षी आहे. पाठ काळी. पोट पांढरं. चोच लांब, गाजरासारखी."

"कालवफोड्या," डबलचेक पुटपुटले. त्यांनी मान तिरकी केली. चाकाशेजारी दोन गुलाबी पाय उभे होते. त्यावर गाडी. "मला नुसते पाय दिसतायत गं."

"बाकीचा मी बघते. तुम्ही पाय सांभाळा."

कानात सांडपाणी ठिबकत होतं. ते त्यांनी ठिबकू दिलं. पाय तीन पावलं चालले, थबकले आणि उडून गेले.

आत येऊन त्यांनी कानही न पुसता वही उघडली. १०० लिहिलं. पेन तिथेच अडलं.

"मी फक्त पाय पाहिले."

"हो."

"पायांवरून पिशवी कधी सोडली नाही आम्ही."

"मग बाकीचा पक्षी आला कुठून?" बायकोने कप पालथा घातला.

"तू सांगितलास."

"खरा होता?"

"खराच होता."

"आणि गरुड?"

डबलचेकनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छत्तीस वर्षं न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांनी सही केली नव्हती.

१००. समुद्री गरुड. सोमवार, कडा. पायात मासा.
पाहणारी: सही.
दुसरा पाहणारा: नाडी बांधत होतो. तिने पाहिला. सही.

१०१. कालवफोड्या. डावं चाक.
पाय: मी. बाकी: ती. दोन्ही सह्या.

मग बायकोने वही ओढून घेतली आणि मागच्या सहा नोंदींच्या खालच्या ओळी भरून टाकल्या. सहाही तिने पाहिले होते. पाणकावळा तर त्यांच्याआधी.

डबलचेकनी सहकाऱ्यांना कळवलं: एकशे एक.

लगेच उत्तर आलं: दोघांनी पाहिले ना?

त्यांनी वही पुन्हा उघडून पाहिली आणि लिहिलं: दोघांच्या सह्या आहेत.

शनिवारी सकाळी बायको शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. डबलचेकनी इंजिन सुरू केलं, बंद केलं, घसा खाकरला आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "गाडी सुटत आहे."

"कुठली?"

"आपली."

"कुठे जाणारी? किती वाजता? मधे थांबणार कुठे? पुन्हा म्हणा."

तिसऱ्या खेपेला तिला पसंत पडलं.

"सोडा," ती म्हणाली.